‘मारावे का’ यानंतरचा प्रश्न

ओहायो, इंडियाना, आयोवा ही अमेरिकेतली मक्या-सोयाबीनची सपाट राज्ये. तिथे शिकारीचे दोन मोठे हंगाम ठरलेले असतात: पानगळ सरत आली की पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा, आणि झाडांना पालवी फुटू लागली की रानटर्कीच्या नराचा. या दोन हंगामांसाठी बेताच्या ऐपतीचा माणूस दोन बंदुका घेत नाही. तो बारा बोअरची एकच शॉटगन घेतो आणि तिला दोन नळ्या घेतो. १९५० साली बाजारात आलेली रेमिंग्टन ८७० किंवा तितकीच खपणारी मॉसबर्ग ५०० या पंप पद्धतीच्या बंदुकांची नळी घरच्या घरी, कोणत्याही अवजाराशिवाय बदलता येते. दोन नळ्यांची अशी जोडी एकाच खोक्यात विकतही मिळते. कोणती जोडी घ्यावी, नळी किती इंचांची असावी, दुर्बीण कुठे बसवावी, याचा खल सहसा पैसा, वजन आणि सोय एवढ्यावरच होतो. माझ्या मते हा खल मुळात नीतीचा आहे. प्राण्याला मारावे की नाही हा प्रश्न जेवढा धर्माचा, तेवढाच कसे मारावे हाही. आणि या ‘कसे’चे उत्तर रानात चाप ओढताना ठरत नाही, ते नळी निवडताना आणि ती कागदाच्या लक्ष्यावर तपासताना ठरून गेलेले असते. आपल्या चुकीची किंमत कोणी मोजायची हे माणूस तिथे आगाऊ ठरवत असतो.

आधी वस्तू नीट पाहू. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक जिच्यात बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. टर्कीसाठी ही नळी आतून गुळगुळीत लागते आणि तोंडाशी आवळलेली. या आवळलेल्या तोंडाला चोक म्हणतात, आणि टर्कीसाठी अगदी घट्ट चोक वापरतात, कारण टर्कीच्या अंगावर मारून चालत नाही. जाड पिसे, पंखांची हाडे आणि छातीचे मांस भेदून थोडे छर्रे आत गेले तरी पक्षी तिथल्या तिथे मरत नाही. तो धावतो, उडतो आणि कुठल्यातरी झुडपात हळूहळू मरतो. लक्ष्य आहे ते फक्त मेंदू आणि मानेचे मणके, म्हणजे जेमतेम लिंबाएवढे डोके आणि त्याखालची बारीक मान. चाळीस यार्डांवर दहा इंचांच्या वर्तुळात निदान शंभर छर्रे बसावेत, असा अनुभवी शिकाऱ्यांचा ढोबळ दंडक आहे. हरणाच्या बाबतीत सगळे उलट. तिथे छर्ऱ्यांचा झोत नको, एकच जड गोळी हवी. तिला स्लग म्हणतात. वजन बहुधा एक औंस, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास. ती सरळ जावी म्हणून नळीला आतून पीळदार खाचा पाडलेल्या असतात, त्यांनी गोळीला फिरकी मिळते. खांद्यामागचा हृदय-फुप्फुसांचा भाग आठ-दहा इंचांचा. गोळी तिथे लागली तर हरीण थोड्याच अंतरावर कोसळते. पोटात लागली तर तासन् तास चालत राहते. गुळगुळीत नळीतून मारलेल्या स्लगचा भरवसा पाऊणशे यार्डांपर्यंत, पीळदार नळीतून मारलेल्या प्लास्टिकच्या वेष्टणातल्या गोळीचा दीडशेपर्यंत. आणि नळ्यांची गल्लत केली तर दोन्हीकडे घात. पीळदार नळीतून छर्रे सोडले तर ते फिरत फिरत कडेला फेकले जातात आणि मध्ये पोकळी राहते. टर्कीच्या घट्ट चोकमधून स्लग मारणे तर माणसाच्याच जिवाशी खेळ. एका प्राण्यासाठी जे नेमके, तेच दुसऱ्यासाठी क्रूर ठरते.

या रचनेत नीतीच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट आहे. ज्याच्याकडे एकच नळी आहे तो म्हणू शकतो की होते तेवढ्यात भागवले. त्याचे म्हणणे पुरेसे नसेल, पण ऐकून तरी घ्यावे लागते. नळी बदलण्याची सोय हाताशी असली की ही सबब उरत नाही. प्रत्येक प्राण्याचे शरीर वेगळे, त्याचा मृत्यू झटपट घडवण्याची रीत वेगळी, हे त्या बंदुकीच्या घडणीतच मान्य केलेले असते. पुढे जे चुकेल ते साधनाच्या नव्हे, मालकाच्या खाती जमा होते. दुर्बिणीचेच घ्या. ती बंदुकीच्या मधल्या ठोकळ्यावर बसवली आणि नळी काढून पुन्हा लावली, तर नळी आणि दुर्बीण यांचे नाते केसभर बदलू शकते. शंभर यार्डांवर त्या केसभराचे काही इंच होतात, आणि तेवढ्यात गोळी फुप्फुसाऐवजी पोटात जाते. म्हणून हरणाच्या चांगल्या नळीला तिच्यावरच जडवलेली, मागे आलेली पट्टी असते आणि दुर्बीण त्या पट्टीवर बसते; नळी निघाली की दुर्बीणही तिच्याबरोबर निघते, दोघींचे नाते मोडत नाही. एवढे करूनही जाणते लोक नळी चढवल्यावर दोन-चार गोळ्या कागदावर मारून खात्री करून घेतात. गेल्या वर्षी नेम बरोबर होता, यावर ते विसंबत नाहीत. ही पट्टी असलेली नळी थोडी महाग पडते. ती घ्यायची की नाही हा प्रश्न वरवर पाहता खिशाचा आहे. पण वाचवलेल्या त्या पैशांचा भुर्दंड खरेदीच्या वेळी हजर नसलेल्या कोणाला तरी बसणार आहे. म्हणूनच मी याला नीतीचा प्रश्न म्हणतो.

‘मारावे का’ आणि ‘कसे मारावे’ हे प्रश्न वेगळे काढण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. महाभारताच्या आदिपर्वात पंडू रानात हरणांच्या जोडप्यावर बाण सोडतो. नर हरीण कोसळते आणि माणसाच्या वाणीने बोलू लागते. तो मृगरूप घेतलेला किंदम ऋषी असतो. पंडू आपली बाजू मांडतो की मृगया हा राजांचा धर्म आहे, हरणे उघडपणे मारा की लपून, त्याला दोष नाही, आणि आधाराला तो अगस्त्यांचे उदाहरणही देतो. किंदमाचे उत्तर फार विचार करण्यासारखे आहे. तू हरीण मारलेस याबद्दल माझी तक्रार नाही, असे तो सांगतो. समागम पुरा होईपर्यंत तू थांबायला हवे होतेस. शाप मिळतो तो या न थांबण्याबद्दल. मृगयेचा अधिकार कथेने पंडूकडून काढून घेतलेला नाही. अधिकार गाजवताना समोरच्या जिवाची अवस्था न पाहिल्याचा दोष मात्र त्याच्या पदरात टाकला आहे. अधिकार आहे म्हणून रीत कशीही चालेल, ही पंडूची समजूत होती, आणि आज शिकारीचा परवाना खिशात असलेल्या पुष्कळ माणसांचीही तीच असते. परवाना ‘का’चे उत्तर देतो. ‘कसे’चे उत्तर त्यात नसते.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. अहिंसा मानणारा म्हणेल: ही सगळी पापाला सोवळे नेसवण्याची खटपट आहे. जिवंत, निरुपद्रवी प्राणी ठरवून मारायचा आणि मग नळी किती नेमकी यावर नीतीची चर्चा करायची, यात प्राण्याचे भले कुठले? हा आक्षेप मी बाजूला सारत नाही. जैन विचारात हिंसेचे जे भेद केले आहेत त्यांत शिकार ही संकल्पी हिंसा, म्हणजे हेतुपुरस्सर केलेली. गृहस्थालाही तिची मोकळीक नाही. मनुस्मृतीने कामातून उपजणाऱ्या दहा व्यसनांत मृगयेला पहिले स्थान दिले आहे. ज्याला हा निषेध पटला आहे त्याने बंदूक घेऊच नये, आणि चांगल्या नळीने ती घेण्याचे समर्थन होते असे मी म्हणत नाही. पण त्याच जैन परंपरेकडे आणखी बारकाईने पाहावे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राण जाण्याच्या घटनेला प्रमादाची, बेफिकिरीची जोड दिली आहे. म्हणजे निष्काळजीपणा हा हिंसेच्या अंगाला चिकटलेला किरकोळ डाग नव्हे, तो तिच्या गाभ्यात आहे. मग जो मुळातच हिंसा करतो आहे त्याने वर बेफिकिरीही केली, तर दोष दुप्पट होतो असे म्हणायला या परंपरेनेच जागा ठेवली आहे. १९२८ साली साबरमती आश्रमात असाध्य दुखण्याने तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी डॉक्टरांकडून सुई देववून मृत्यू दिला, तेव्हा मोठे काहूर उठले. त्या प्रसंगात आणि शिकारीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वासराचे मरण त्याच्याच सुटकेसाठी होते. तरी एक गोष्ट त्यातून दिसते. अहिंसेला आयुष्य वाहिलेल्या माणसानेही मृत्यू आणि यातना यांचा हिशेब वेगवेगळा ठेवला होता. पूर्ण निषेध हे एक उत्तर झाले. पण ज्या समाजाने ते स्वीकारलेले नाही, त्यात उद्या सकाळी लाखो माणसे बंदूक घेऊन रानात जाणार आहेत. त्यांना ‘जाऊ नका’ एवढेच सांगून थांबणारी नीती, ते गेल्यावर हरणाच्या वाट्याला काय येईल याबद्दल मूक राहते. हे मौन हरणाच्या कामाचे नाही.

दुसरा आक्षेप शिकाऱ्याचा. तो म्हणेल की कोणते हत्यार चालेल हे कायद्याने ठरवले आहे, मी कायदा पाळतो, मग वेगळी नीती कशाला? ओहायो-आयोवासारख्या राज्यांनी हरणासाठी वर्षानुवर्षे रायफलीला मनाई करून शॉटगन सांगितली, हे खरे; अलीकडे सरळ काडतुसांच्या काही रायफलींना सवलत मिळाली आहे. पण ही मनाई कशासाठी होती ते पाहावे. सपाट मुलूख, जवळजवळ वसलेली शेतघरे. रायफलीची गोळी चुकली तर फार लांब जाते, म्हणून लवकर दमणारा स्लग बरा, हा त्यामागचा विचार. कायद्याला काळजी होती ती माणसाची. हरणाला वेदना किती होतील हा त्याचा विषयच नव्हता. शिवाय माणसाच्या बाबतीतही नुसते हत्यार निवडून काम भागत नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ साली झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की बंदूक जमिनीला समांतर धरून झाडली तर शॉटगनची जड गोळी जमिनीवरून उसळून रायफलीच्या गोळीपेक्षाही लांब जाऊ शकते. वर्षानुवर्षे सुरक्षित मानलेले साधन एका कोनात सुरक्षित आणि दुसऱ्या कोनात नाही. तेव्हा, माझे साधन मान्यताप्राप्त आहे, हे वाक्य जबाबदारीचा शेवट करत नाही. गोळीमागे मातीचा उंचवटा आहे का, हे झाडणाऱ्यालाच पाहावे लागते. कायदा फक्त तळ ठरवतो. त्याच्यावर किती चढायचे हे माणसाने ठरवायचे असते. आणि शिकार हे असे काम आहे की तिथे पाहणारे कोणी नसते. अल्डो लिओपोल्ड यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात नेमके हेच हेरले होते: शिकाऱ्याच्या वागण्याला टाळ्या वाजवायला किंवा नावे ठेवायला प्रेक्षक नसतात, त्याला जाब विचारते ती त्याची सदसद्विवेकबुद्धीच.

तिसरा युक्तिवाद निसर्गाच्या नावाने होतो. हरीण काही म्हातारे होऊन अंथरुणात मरत नाही. ते हिवाळ्यात उपासमारीने मरते, कोल्ह्या-लांडग्यांच्या तोंडी जाते, गाडीखाली येते. अमेरिकेत वर्षाला दहा लाखांहून जास्त वेळा वाहने हरणांना धडकतात. या मरणांपुढे चुकलेली गोळीही सौम्यच, असे सुचवले जाते. यातला वस्तुस्थितीचा भाग खरा आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पाच लाखांच्या आसपास उरलेली पांढऱ्या शेपटीची हरणे आज तीन कोटींच्या घरात असल्याचा अंदाज आहे. लांडगे आणि प्युमा बहुतेक मुलखातून माणसानेच नाहीसे केले, त्यामुळे संख्या आवरायला शिकारीचा उपयोग होतो. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब बंदुका आणि काडतुसांवरच्या अकरा टक्के कराचे उत्पन्न राज्यांना मिळते, आणि त्या पैशातून राज्यांचे वन्यजीव संवर्धन चालते, हेही मान्य. पण हे सारे ‘का’चे समर्थन आहे. हिवाळा निवड करत नाही, लांडग्यापुढे दोन नळ्या ठेवलेल्या नसतात. माणसापुढे असतात. दुसऱ्या कोणाच्या हातून याहून वाईट झाले असते, या सबबीवर आपल्या हातून होणारे वाईट माफ होऊ लागले तर कोणतीच जबाबदारी शिल्लक राहणार नाही. उलट, कळपाच्या भल्यासाठी मारतो असे जो म्हणतो, त्याच्यावर एकेका हरणाच्या यातनेचा हिशेब देण्याची जबाबदारी जास्त येते. कळपाला फुप्फुसे नसतात, वेदना होते ती समोरच्या एका हरणाला.

चौथा आक्षेप माझ्याच म्हणण्याच्या पोटातून निघतो, आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. चांगले साधन घ्या, असा उपदेश केला की माणूस त्याच्या जोरावर धाडस वाढवतो. टर्कीच्या छर्ऱ्यांचेच पाहा. शिशाची घनता एका घन सेंटिमीटरला सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास. अलीकडे आलेल्या टंगस्टनच्या मिश्रधातूची अठराच्या घरात. त्यामुळे अगदी बारीक छर्रासुद्धा खोल जातो, आणि बारीक असल्यामुळे एका काडतुसात कितीतरी जास्त मावतात. चाळीस यार्डांवर याचा अर्थ जवळजवळ खात्रीचा मृत्यू. पण तेच काडतूस हातात आल्यावर माणूस साठ यार्डांवरच्या पक्ष्यावर चाप ओढतो, आणि जखमी होण्याची शक्यता पुन्हा होती तिथे येते. पीळदार नळी आणि दुर्बिणीचीही तीच गत: पाऊणशे यार्डांवर चुकणारा माणूस आता पावणेदोनशेवर चुकतो. लिओपोल्ड यांनाही ही चिंता होती की बाजारात मिळणारी नवी नवी उपकरणे शिकाऱ्याच्या अंगच्या कौशल्याची जागा घेत आहेत. मग साधन सुधारून प्राण्याला काय मिळाले? यावर माझे उत्तर असे आहे की साधनाने दिलेली वाढीव ताकद कशावर खर्च करायची, हाच नीतीचा कणा आहे. ती अंतर वाढवण्यावर खर्च केली तर तिचा सगळा लाभ शिकाऱ्याला. पूर्वीच्याच अंतरावर, वाढीव खात्रीसाठी खर्च केली तर तो लाभ प्राण्याला. दीडशे यार्डांची नळी घेऊन ऐंशी यार्डांवर थांबणारा माणूस साधनाच्या आणि आपल्या मर्यादेमध्ये जी जागा सोडतो, त्या जागेत वाऱ्याची झुळूक, थरथरणारा हात, ऐन वेळी एक पाऊल पुढे टाकणारे हरीण, हे सगळे सामावते. काहीजण म्हणतील की इतका संयम माणसात नसतो. नसेल तर त्याने वाढीव ताकद घेऊ नये; तोकड्या साधनाने जवळ जाणे त्याला भाग पडेल, आणि तेच बरे. पण दोन्ही परिस्थितींत कसोटी एकच: माझ्या चुकीला जागा कोणाच्या शरीरात मिळते आहे?

इथे होसे ओर्तेगा इ गासेत या स्पॅनिश तत्त्वज्ञाची आठवण होते. १९४२ साली शिकारीवर त्यांनी जे चिंतन लिहिले, त्याचा आजही तिच्या समर्थनार्थ आधार घेतला जातो. त्यांच्या मांडणीत शिकार माणसाला त्याच्या आदिम अवस्थेकडे परत नेते, रानाशी सावधपणे एकरूप करते, आणि वध हा त्या अनुभवाचा अपरिहार्य शेवट असतो. हेही ते सांगतात की साधनाची ताकद माणसाने स्वतःहून आवरली नाही तर शिकार शिकार राहत नाही. हा भाग मला मोलाचा वाटतो. पण त्यांचा आवर खेळाच्या खरेपणासाठी आहे, प्राण्याला निसटण्याची संधी राहावी म्हणून आहे. मला त्याचे कारण दुसरीकडे शोधावेसे वाटते. निसटण्याची संधी म्हणून कोणी अपुऱ्या साधनाने गोळी झाडली आणि हरीण जबडा तुटून निसटले, तर त्या संधीला अर्थ काय? गोळी झाडण्यापूर्वी प्राण्याला पुरती संधी असावी. गोळी झाडल्यानंतर वेदना लांबण्याची कसलीही शक्यता राहू नये. आधीचा संयम आणि नंतरची नेमकी ताकद यांच्यात विरोध नाही. चांगली नळी घेऊन जवळ जाण्याची वाट पाहणाऱ्या माणसात दोन्ही एकत्र येतात.

तरीही नळीची नीती सगळीकडे पुरी पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. टर्कीचा वसंतातला हंगाम हा तिच्या विणीचा काळ. शिकारी आपल्या खांद्यांहून रुंद झाडाला पाठ लावून बसतो, अंगावर पाना-सालींच्या रंगाचे कपडे, आणि मादीच्या सादेची नक्कल करतो. नर त्या सादेने ओढला जाऊन समोर येतो. किंदमाची तक्रार इथे जशीच्या तशी उभी राहते, आणि कितीही घट्ट चोक लावला तरी तिचे उत्तर मिळत नाही. उत्तर वेळेत आहे. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, म्हणून हंगाम जोडप्यांचा भर ओसरल्यावर, माद्या अंड्यांवर बसू लागल्यावर ठेवला तर वंशाला धक्का लागत नाही, असे वन्यजीव खात्यांचे गणित असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन लाखांच्या आत आलेली रानटर्की प्रयत्नपूर्वक साठ लाखांपर्यंत नेल्यावर अलीकडे दक्षिणेत तिची संख्या घटू लागली, तेव्हा टेनेसी, जॉर्जिया या राज्यांनी हंगामाची सुरुवात पुढे ढकलली. आकडेवारीच्या वाटेने का होईना, आजच्या सरकारांना ‘थांबायला हवे होते’ हे मान्य करावे लागले. काडतुसाचेही तसेच. शिशाचे कण मेलेल्या हरणाच्या आतड्यांत राहतात आणि ती आतडी गरुड खातात. अडतीस राज्यांतल्या बाराशेहून अधिक गरुडांच्या तपासणीत जवळजवळ निम्म्यांत दीर्घकाळच्या शिसेबाधेच्या खुणा सापडल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची काडतुसे बंद केली आहेत. हरणाच्या नळीतून तांब्याची गोळीही उत्तम जाते. फक्त नेम पुन्हा तपासावा लागतो आणि किंमत जास्त पडते. म्हणजे ‘कसे’चा विस्तार नळीपासून हंगामापर्यंत आणि समोरच्या प्राण्यापासून आकाशातल्या गरुडापर्यंत जातो. जो फक्त नळीशी थांबला त्याने सुरुवात बरी केली, एवढेच.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आज शिकारीचा छंद कायदेशीर नाही, आणि तो परत यावा असे मला मुळीच वाटत नाही. पण म्हणून ‘कसे’ हा प्रश्न आपल्या दारात येत नाही असे नाही. पिकांची नासाडी करणारी रानडुकरे आणि नीलगायी यांना परवानगीने मारण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे. विदर्भात रात्री शेताच्या कुंपणात वीज सोडली जाते, आणि ती तार डुकराला मारते, वाघालाही मारते, पहाटे शेतात आलेल्या माणसालाही मारते. प्राण्यानुसार बदलणाऱ्या नळीचे दुसरे टोक ते हेच: समोर कोण आहे हे पाहण्याची सोयच ज्यात नाही असे साधन. शेतकऱ्याची हतबलता खरी आहे, त्याच्या नुकसानीला वेळेवर भरपाई मिळाली पाहिजे. पण हतबलता ‘का’ समजावते. तारेची रीत त्यामुळे बरोबर ठरत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीला गोळी घातली गेली, तेव्हाही वाद दोन पातळ्यांवर झाला. तिला मारणे आवश्यक होते का, हा एक. आणि बेशुद्ध करण्याचा प्रयत्न रीतसर झाला का, त्या वेळी तिथे कोण होते, नियम पाळले गेले का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर टोकाचे मतभेद असलेल्या माणसांनाही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे होते. तो स्वतंत्र प्रश्न आहे, याची याहून स्पष्ट साक्ष नको.

म्हणून ओहायोतला जो माणूस या वर्षी दोन नळ्यांची बंदूक घेतो आहे, आणि तिथल्या मराठी घरातला कोणी शेजाऱ्यांबरोबर रानात जायचे ठरवत असेल तर तोही, त्याने दुकानात आधी इंच आणि डॉलर विचारू नयेत. जिला मारायचे ती जीवजात कोणती, तिचा प्राण शरीरात कुठे आहे, तिथवर मी किती अंतरावरून खात्रीने पोचतो, आणि ती खात्री मी कागदावर सिद्ध केली आहे का, हे प्रश्न आधी येतात. नळी, चोक, पट्टी आणि काडतूस यांची निवड त्या उत्तरांतून आपोआप निघते. कागदावर शंभर छर्रे बसले नाहीत तर अंतर कमी करावे. तेही जमले नाही तर त्या हंगामात बंदूक घरी ठेवावी. मारण्याचा अधिकार ज्यांना आहे, मग तो परवान्याचा असो, शेताच्या राखणीचा असो की सरकारी हुकमाचा, त्यांना हा अधिकार कधीच मोकळा मिळत नाही. रीतीची जबाबदारी त्याच्याबरोबरच येते, आणि ती पेलायची तयारी नसलेल्याचा अधिकारही तिथेच संपतो.